घरातला स्मोक अलार्म कधी बदलायचा अन् कसा सांभाळायचा, आपल्या कापूस भरलेल्या आणि टिनाच्या घरांसाठी

घरात स्मोक अलार्म, म्हणजे धूर पकडून भोंगा वाजवणारी छोटी पेटी, असेल तर आधी स्टूल घ्या, तो खाली काढा आणि उलटा करून मागचं लेबल वाचा. तयार झाल्याची तारीख तिथंच असते, बारीक अक्षरात, कधी स्टिकरवर तर कधी प्लास्टिकमध्येच उमटवलेली, उजेडात नेऊन तिरपं धरलं की दिसते. त्या तारखेला १० वर्षं होऊन गेली असतील तर अलार्म बदलायचा, बटन दाबल्यावर जोरात वाजत असला तरी बदलायचा. हा आकडा मी मनानं सांगून राहिलो नाही. अमेरिकेत एनएफपीए म्हणून आगीपासून बचावाचे नियम बनवणारी जुनी संस्था आहे, त्यांच्या ७२ नंबरच्या नियमावलीत घरगुती स्मोक अलार्मला १० वर्षांचीच मुदत आहे आणि चांगल्या कंपन्या सोबतच्या कागदावरही हेच छापतात. अन् ही १० वर्षं अलार्म तयार झाला त्या तारखेपासून मोजायची, तुम्ही विकत घेतला तेव्हापासून नाही, कारण दुकानात पडून राहिलेल्या मालाचंही वय वाढतच असते. तारीख सापडतच नसेल, लेबल उडालं असेल, प्लास्टिक पिवळं पडलं असेल तर फार डोकं लावू नका, नवा घ्या.

बटनावर एवढा भरवसा का ठेवायचा नाही ते सांगतो. बटन दाबून भोंगा वाजला म्हणजे बॅटरी आहे, भोंगा आहे, आतलं सर्किट चालू आहे एवढं कळलं. पण आतला सेन्सर धूर किती लवकर पकडून राहिला हे त्याच्यावरून पूर्ण कळत नाही. वर्षानुवर्षं धूळ, ओल, किडे, तेलाची वाफ खाऊन तो मंद होतो, आणि मंद झालेला अलार्म बाहेरून अगदी ठणठणीत दिसतो, बारीक लाइट लुकलुकत असतो, घरच्यांना वाटते सगळं बरोबर आहे.

आपल्याकडं खेड्यात हे अलार्म आता हळूहळू दिसून राहिले. पुण्या-नागपूरला नोकरीवर असलेली पोरं ऑनलाइन मागवतात, दिवाळीत आले की आईबापाच्या घरी लावून जातात, चांगलंच करतात. पण लावून गेल्यावर त्याच्याकडं कोणी पाहत नाही, आणि सोबतचा कागद लिहिलेला असतो शहरातल्या, नाही तर परदेशातल्या घरांसाठी. आपल्या घरात दसऱ्यापासून कापूस भरलेला, वर टिन तापलेलं, खिडकीत कूलर, मागं चूल, संध्याकाळी मच्छरासाठी निंबाच्या पाल्याचा धूर. त्या कागदावरचं वेळापत्रक इथं जसंच्या तसं चालत नाही, हेच मला सांगायचं आहे. आणि आग लागली तर बंब येणार तालुक्याच्या नगर परिषदेचा, तोही तिथं दुसरीकडं गेलेला नसला तर. तेवढ्या वेळात आपण काय करू शकतो ते सगळं आपल्याला किती लवकर कळलं यावर आहे.

नवा घेताना

सगळ्यात मोठा घोळ इथंच होते. दुकानात किंवा ऑनलाइन ‘स्मोक डिटेक्टर’ म्हणून जी पांढरी गोल वस्तू स्वस्तात मिळते ती बऱ्याचदा हॉटेल-दवाखान्यातल्या सिस्टिमची असते. तिला दोन वायरी जोडून पॅनलला नेतात, पॅनलमधूनच तिला २४ व्होल्टची लाइन जाते अन् भोंगाही वेगळा असतो. ती घरी आणून छताला लावली तर धूर आला काय अन् नाही आला काय, ती वाजणारच नाही, तिच्यात भोंगाच नाही! म्हणून घेताना दुकानदाराला सरळ विचारायचं, बॅटरी याच्यातच बसते का, भोंगा याच्यातच आहे का, टेस्टचं बटन आहे का. तिन्ही हो असतील तरच घ्या. खोक्यावर यूएल २१७ किंवा ईएन १४६०४ लिहिलेलं पाहा, घरगुती अलार्मसाठीचे हे अमेरिकेचे आणि युरोपचे मानक आहेत. आपल्याकडचं आयएस २१८९ जे आहे ते सिस्टिमवाल्या बसवणीसाठी, त्याच्यावरून घरचा अलार्म निवडायचा नाही.

दुसरं म्हणजे प्रकार. फोटोइलेक्ट्रिक आणि आयोनायझेशन असे दोन असतात. फोटोइलेक्ट्रिकमध्ये आत एक छोटी अंधारी डबी असते, तिच्यात एक बारीक लाइट आणि एक उजेड पकडणारा सेन्सर, पण दोघं समोरासमोर नसतात, त्यामुळं एरवी लाइटचा उजेड सेन्सरवर पडत नाही. धूर आत शिरला की उजेड त्या धुरावरून विखुरतो, थोडा सेन्सरवर पडतो आणि भोंगा सुरू. आयोनायझेशनमध्ये अमेरिशियम-२४१ या किरणोत्सारी पदार्थाचा अगदी किंचित कण असतो, त्याच्यामुळं आतल्या हवेतून बारीकसा करंट वाहत राहतो, धुरानं तो कमी झाला की अलार्म वाजतो. भडकन पेटलेली आग हा दुसरा प्रकार जरा लवकर पकडतो, धुमसणारी आग पहिला लवकर पकडतो.

आपल्या घरांना पहिला, फोटोइलेक्ट्रिकच पाहिजे. कारण कापूस. कापसाला ठिणगी लागली तर वरवर भुर्रकन जळून विझल्यासारखं वाटते, पाणी मारलं, हात फिरवला, सगळे झोपायला गेले, आणि ढिगाच्या आत ते धुमसतच राहते. जिनिंगवर काम केलेल्या कोणालाही विचारा, रुईच्या गाठीत शिरलेली आग किती वेळ आतल्या आत राहते अन् मग अचानक कशी बाहेर येते. गादी, गोधडी, उशी यांचंही तेच आहे, बिडीची ठिणगी पडली की ज्वाळा नाही, नुसता धूर, आणि झोपलेल्या माणसाला धुराचा वास येऊन जाग येते हा समज चुकीचा आहे, उलट धुरानं माणूस आणखी गुंगतो. खोक्यावर फोटोइलेक्ट्रिक किंवा ऑप्टिकल लिहिलेलं असलं की झालं.

बॅटरीचं म्हणाल तर दोन पर्याय आहेत. एक, नऊ व्होल्टची चौकोनी किंवा साधे पेन्सिल सेल, जे आपण बदलू शकतो. दुसरं, आतच सील केलेली लिथियम बॅटरी जी १० वर्षं चालते आणि संपली की अख्खा अलार्मच बदलायचा. म्हातारे आईबाप एकटेच राहतात, स्टुलावर चढणारं कोणी नाही, त्या घरी थोडे पैसे जास्त गेले तरी सील बॅटरीवालाच लावा. त्यांनी बॅटरी बदलायला स्टुलावर चढून पडावं यापेक्षा ते बरं. मेन लाइनवर चालणारे अलार्मही असतात, पण आपल्याकडं लाइन जाते-येते, तसा घ्यायचाच असेल तर आत बॅकअप बॅटरी असलेला घ्या आणि जोडणी वायरमनकडूनच करा, एमसीबी पाडून.

कुठं लावायचा

धूर वर जातो म्हणून अलार्म वर, एवढं सगळ्यांना माहीत असते. स्लॅबचं घर असेल तर छताला लावा, पंख्याच्या पात्यापासून मीटरभर तरी दूर, आणि भिंत-छताच्या कोपऱ्यात एकदम घुसवून नको, तिथं हवा फिरत नाही. भिंतीवर लावायचा असेल तर छतापासून १० ते ३० सेंटिमीटर खाली, म्हणजे वीतभर खाली धरा.

टिनाच्या घराचं मात्र वेगळं आहे. मे महिन्यात आपल्याकडं पारा ४५ च्या वर जातो आणि टिनाच्या खालची हवा त्याहून गरम असते. दोन नुकसान होतात. एक तर बहुतेक अलार्म ४ ते ३८ अंशासाठी बनवलेले असतात, टिनाला टेकून लावला तर पूर्ण उन्हाळा तो भाजून निघतो, बॅटरी लवकर जाते, प्लास्टिक वाकते. दुसरं जास्त वाईट, टिनाखाली गरम हवेचा थर जमतो आणि धुमसणाऱ्या आगीचा थंड, हळू चढणारा धूर त्या थराच्या खालीच अडतो, अलार्मपर्यंत पोचतच नाही. म्हणून टिनाच्या घरात छताला नाही, आतल्या भिंतीवर, वीतभर खाली. आतली म्हणजे दोन खोल्यांमधली भिंत, उन्हाची पश्चिमेची नाही. खाली पीओपी किंवा फळ्यांचं सिलिंग केलं असेल तर त्या सिलिंगच्या हिशोबानं लावा.

कवेलूच्या घरात धूर फटीतून निघून जातो हे खरं, पण जिथं पाटण आहे, वर माळा आहे, तिथं पाटणाच्या खालच्या अंगाला अलार्म चांगला बसतो आणि लाकडात स्क्रूही घट्ट धरतो. मातीच्या भिंतीत स्क्रूसाठीचा प्लास्टिकचा गट्टू धरत नाही, महिनाभरात ढिला होऊन अलार्म खाली येतो, त्यापेक्षा लाकडाचा तुळवट किंवा चौकट पाहा. उतरत्या छताला लावत असाल तर आढ्याच्या अगदी टोकात नको, थोडा खाली, आढ्यापासून आडवं मोजलं तर ३ फुटाच्या आत.

कूलर विसरू नका. कूलरचा झोत थेट अलार्मवर येत असेल तर धूर ढकलला जातो, आणि ओली हवा आत शिरून उगाच वाजतो ते वेगळं. कूलरच्या समोरची भिंत सोडून बाजूची भिंत घ्या. चुलीपासून, गॅसपासून ३ मीटर तरी लांब. सयपाकघरातच लावाल तर मिरचीच्या फोडणीला रोज वाजेल आणि आठ दिवसात कोणीतरी बॅटरी काढून ठेवेल. सयपाकघराला हीट अलार्म म्हणून वेगळा मिळतो, तो धुरावर नाही तर साधारण ५७ अंशाच्या आसपास उष्णतेवर वाजतो, पण टिनाखालच्या चुलीच्या खोलीत तोही टिनाजवळ लावू नका, मे महिन्यात उन्हानंच वाजायचा.

एकच अलार्म घेणं होत असेल तर तो कुठं? जिथं घरचे झोपतात तिथं, कापसाच्या खोलीकडं उघडणाऱ्या दरवाज्याजवळ. कापसाच्या खोलीच्या आत नको, ढीग वरपर्यंत गेला की अलार्म त्याच्यातच बुडतो आणि रुईचे तंतू जाळीत अडकतात. दोन घेणं झाले तर दुसरा आईबाप झोपतात त्या खोलीत. आणि ज्या घरी उन्हाळ्यात सगळे अंगणात नाही तर गच्चीवर झोपतात त्यांनी एकदा बाहेर खाटेवर पडून, आतून दरवाजा लावून कोणाला तरी बटन दाबायला सांगा. हे अलार्म ३ मीटरवर ८५ डेसिबलएवढे वाजतात, बंद दरवाज्यातून आणि कूलरच्या आवाजातून ते किती उरते हे आपल्या घरात आपणच तपासायचं.

गुरांच्या कोठ्यात हा अलार्म लावायचा विचार कोणी करत असेल तर नका करू. कुटाराची धूळ आणि मुताचा अमोनिया, सेन्सर टिकत नाही. कोठ्यात वायरिंग नीट करा, पऱ्हाटीचा अन् तुराट्यांचा ढीग मीटरपासून लांब ठेवा, त्याचा उपयोग जास्त आहे.

बदलायचं काम

अवघड काहीच नाही. जुना अलार्म दोन्ही हातांनी धरून डावीकडं, म्हणजे घड्याळाच्या काट्याच्या उलट फिरवा, तो भिंतीला लावलेल्या पट्टीवरून सुटतो. नव्याची पट्टी बहुतेक वेळा जुन्या भोकांना जुळत नाही, कंपनी तीच असली तरी जुळेलच असं नाही, त्यामुळं जुनी पट्टी काढून नवीच लावा, जुन्या पट्टीवर नवा अलार्म तारेनं-फेविक्विकनं बसवू नका. नवी पट्टी भिंतीवर धरून पेन्सिलनं खुणा करा, ड्रिलनं भोकं पाडा, प्लास्टिकचे गट्टू ठोका, स्क्रू आवळा. एक काळजी घ्या, ड्रिल करताना नवा अलार्म खोक्यातच राहू द्या, भोकं पाडून झाली, खाली पडलेली सिमेंटची भुकटी झाडून झाली, मग त्याला बाहेर काढा. नव्या अलार्मच्या पोटात पहिल्याच दिवशी सिमेंट गेलं तर काय उपयोग.

बॅटरी बसवा, झाकण पूर्ण लावा, पट्टीवर उजवीकडं फिरवून अडकवा आणि बटन वाजेपर्यंत दाबून धरा. मग मार्करनं अलार्मच्या कडेला, खालून दिसेल असं, लिहा: बदलायचं साल. तयार झाल्याच्या सालात १० मिळवायचे. २०२६ मध्ये तयार झालेला असेल तर मोठ्या अक्षरात २०३६. मागच्या लेबलसाठी कोणी स्टुलावर चढत नाही, कडेचा आकडा येताजाता दिसतो.

महिन्यातून एकदा बटन दाबायचं. लक्षात राहत नाही म्हणता तर कॅलेंडरवर दुधाचा हिशोब लिहिता ना, महिना संपला की दूधवाल्याचे पैसे मोजायच्या दिवशीच दाबा. हात पुरत नसेल तर झाडूच्या काठीच्या टोकानं दाबा, चालते. उदबत्ती, बिडी, जळता कागद खाली धरून तपासत जाऊ नका, काजळी आत जाते आणि कापसाच्या घरात पेटता कागद हातात घेऊन फिरणं म्हणजे नसती आफत.

बॅटरी वर्षातून एकदा बदलायची, संपायची वाट न पाहता. पोळ्याला बैल सजवायचं सामान आणायला बाजारात जाताच, तेव्हाच एक आणून ठेवा. घेताना अल्कलाइन लिहिलेली घ्या. ज्याच्यावर ‘हेवी ड्युटी’ लिहिलेलं असते ती नाव मोठं असूनही साधी झिंकवाली बॅटरी असते, स्वस्त असते पण अलार्ममध्ये लवकर संपते. चार्जिंगची बॅटरीही नको, ती पडल्या पडल्या उतरते.

टिक् टिक् वाजून राहिला तर

आमच्या आत्याच्या घरी एका थंडीत पहाटे पहाटे मिनिटा-मिनिटानं एक बारीक ‘टिक्’ ऐकू यायचं. आत्याला वाटलं रातकिडा शिरला. तिनं कपाट सरकवलं, ट्रंका काढल्या, कोनाड्यातल्या बरण्या खाली घेतल्या, दिवस वर आला की आवाज बंद, म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं. तो अलार्म होता. बॅटरी उतरत आली की अलार्म ३० ते ६० सेकंदानं एकदा टिकटिकतो, आणि थंडीत बॅटरीचा दाब आणखी कमी होते म्हणून हे बहुतेक पहाटेच सुरू होते आणि उन्ह पडलं की थांबते. शेवटी जावयानं ओळखलं, पण त्यानं बॅटरी काढून खिडकीत ठेवली आणि अलार्म तसाच भिंतीवर राहिला, रिकामा. दोन खोल्या कापूस भरलेल्या घरात! असं कोणीच करू नका. बॅटरी काढायचीच असेल तर अलार्मही खाली काढून टेबलावर समोर ठेवा, म्हणजे रोज डोळ्याला दिसते की हे काम बाकी आहे.

नवी बॅटरी टाकूनही टिकटिक थांबत नसेल तर आधी पाहा बॅटरी पूर्ण आत बसली का, झाकण लागलं का. मग बॅटरी काढा, टेस्टचं बटन पंधरा-वीस सेकंद दाबून धरा म्हणजे आत उरलेला करंट निघून जाते, परत बॅटरी टाका. तरीही वाजत असेल तर बॅटरी नाही, अलार्मच संपला, त्याची मुदत झाली. काही मॉडेल मुदत झाल्यावर स्वतःच अशी टिकटिक करतात.

खरा धुराचा अलार्म वेगळा असतो, न थांबता जोरात, नव्या मॉडेलमध्ये तीन वेळा वाजून क्षणभर थांबतो, परत तीन. हा फरक घरातल्या प्रत्येकाला ऐकवून ठेवा, लहान पोरांना पण.

उगाच वाजण्याचं म्हणाल तर महालक्ष्म्यांच्या दिवसात धूप, कापूर, सगळं एकाच खोलीत असते, तेव्हा वाजणारच. बऱ्याच अलार्मवर आवाज थांबवायचं बटन असते, ते दाबलं की साधारण दहा मिनिटं तो शांत राहतो आणि मग आपोआप परत चालू होतो. तेवढं पुरत नसेल, होम वगैरे असेल तर प्लास्टिकची पिशवी बांधा आणि ती सोडायची जबाबदारी घरातल्या एका माणसावर नाव घेऊन टाका, ‘कोणीतरी सोडेल’ असं नको. मच्छरासाठी गोवरीवर निंबाचा पाला टाकता तो धूर अंगणात करा, तसाही तो घरात छातीला बरा नाही.

सफाई

कंपनीच्या कागदावर वर्षातून एक-दोनदा साफ करा असं असते. कापूस असलेल्या घराला तेवढं पुरत नाही. माझ्या मते चार वेळा, आणि त्या चार वेळा आपल्या कामाच्या दिवसांवरून ठरवा: कापूस घरात येण्याआधी, कापूस विकून खोली झाडली की, कूलर काढण्याच्या वेळी, आणि मृग लागण्याआधी. कापूस भरलेला असताना मधून एकदा खालून टॉर्च मारून पाहा. जाळीच्या फटीवर पांढुरकी लव दिसते, कोष्ट्याच्या जाळ्यासारखी बारीक, त्याच्यात रुईचे दोन-चार तंतू लोंबत असतात. ती दिसली की साफ करायचाच. तंतू आत गेले तर दोन्हीपैकी काहीही होऊ शकते, अलार्म उगाच वाजतो किंवा फटीच बंद झाल्यामुळं धूर आत जातच नाही.

साफ करायला व्हॅक्युम क्लीनर असेल तर मऊ ब्रश लावून बाहेरून फिरवा. नसेल तर रंगाचा नवा, मऊ, कोरडा ब्रश घ्या, एक-दीड इंची, आणि अलार्म खाली तोंड करून धरून चारी बाजूच्या फटी हळूहळू झाडा, म्हणजे धूळ बाहेर पडते, आत जात नाही. अलार्म उघडायचा नाही, पाणी नाही, कॉलिन नाही, डिझेलचा फडका तर अजिबात नाही. बाहेरचं प्लास्टिक किंचित ओल्या फडक्यानं पुसा आणि कोरडं करा. पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरची हवा मारू नका, तिच्यात पाणी अन् तेल असते आणि जोर इतका की धूळ आणखी आत जाऊन बसते. झाल्यावर बटन दाबून पाहा.

पावसाळ्यात बारीक पाखरं लाइटवर येतात आणि जाळीतून आत शिरतात, त्यांच्या मागं कोळी. त्याच्यासाठी अलार्मवर मच्छरचा स्प्रे मारू नका, स्प्रेचा थर सेन्सरवर बसतो. ब्रशनंच काढा. दिवाळीला रंग देताना, चुना मारताना, जाळे काढताना अलार्म खाली काढून पिशवीत ठेवा. भिंतीबरोबर अलार्मवरही रंगाचा हात फिरवलेला असेल, फटी रंगानं भरल्या असतील तर खरवडत बसू नका, तो गेला, नवा आणा.

एक वेगळी गोष्ट इथंच सांगतो कारण लोक गल्लत करतात. स्मोक अलार्मला गॅसचा वास कळत नाही. सिलिंडरच्या गॅसचा अलार्म वेगळा मिळतो आणि तो वर नाही, खाली, जमिनीपासून फूटभर उंचीवर लावायचा, कारण हा गॅस हवेपेक्षा जड असतो, खाली पसरतो. गॅसचा वास आला तर कोणतंही बटन चालू किंवा बंद करू नका, रेग्युलेटर बंद करा, दारं उघडा, बाहेर या आणि मग १९०६ ला फोन करा, तो गॅस गळतीसाठीचाच नंबर आहे.

रात्री खरंच वाजला तर

कुठून धूर येऊन राहिला हे शोधत कापसाची खोली उघडू नका, दार उघडलं की हवा मिळते आणि धुमसणारं पेटते. आधी माणसं उठवा, म्हातारे आणि लेकरं पहिले, धूर भरला असेल तर वाकून, जमिनीजवळून बाहेर. मेन स्विच वाटेतच असेल तर पाडा, नाही तर राहू द्या. बाहेर आल्यावर माणसं मोजा, कोठा घराला लागून असेल तर ढोरांचे दावे सोडा किंवा कापा, आणि १०१ किंवा ११२ लावा. कागदपत्रं, दागिने, बियाण्याचे पैसे यासाठी परत आत कोणालाही जाऊ देऊ नका, अगदी धरून ठेवा पण जाऊ देऊ नका. हे सगळं एकदा दिवसा, सगळे घरी असताना बोलून घ्या, कोण आजीला उठवणार, कोण लेकराला घेणार, अंगणात कुठं जमायचं, पाच मिनिटाचं काम आहे.

राहिलं जुन्या अलार्मचं. फोटोइलेक्ट्रिक असेल तर तो ई-कचरा, शहराकडं कोणी जाऊन राहिलं तर ई-कचरा घेणाऱ्याकडं द्या. मागच्या लेबलवर तीन पात्यांचं किरणोत्सर्गाचं चिन्ह किंवा अमेरिशियम लिहिलेलं असेल तर तो आयोनायझेशनवाला, तो भिंतीवर असताना काही त्रास नसते, पण फोडू नका, जाळू नका, लेकरांना खेळायला देऊ नका आणि भंगारवाल्याला तर मुळीच नाही, तो तांब्यासाठी फोडणारच. ज्याच्याकडून घेतला त्या दुकानदाराला किंवा कंपनीला परत करा. आणि काढलेली नऊ व्होल्टची बॅटरी खिळे-चिल्लरच्या डब्यात टाकू नका, तिची दोन्ही टोकं एकाच बाजूला शेजारी-शेजारी असतात, त्यांना खिळा लागला की शॉर्ट होऊन ती तापते आणि जवळचा कागद पेटवू शकते. दोन्ही टोकांवर चिकटपट्टी लावा, मगच टाका.